अण्णांनी निवडलेला पिवळा बल्ब

माझ्या गाडीचा उजवा दिवा गेलाय हे मला मोटारसायकलवरच्या एका बाईनं सांगितलं, आणि तेही ओरडून.

मी बिलोलीच्या शाळेत गणित शिकवते आणि राहते नांदेडला. रोजची ये-जा. आधी बसनं करायचे. बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले आणि एक जुनी, करड्या रंगाची छोटी गाडी घेतली. त्या दिवशी शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम लांबली आणि नरसीच्या अलीकडेच दिवस मावळला. दिवे लावले. समोरून उसाचा ट्रॅक्टर डुलत येत होता. त्याच्या मागून एक मोटारसायकल बाहेर निघाली आणि सरळ माझ्या अंगावर आली. मी ब्रेक दाबला, गाडी मातीत उतरवली. मोटारसायकल हातभर अंतरानं निघून गेली आणि पुढं जाऊन थांबली.

मागं बसलेली बाई उतरून तरातरा चालत आली.

"ओ बाई, ही कार हाय व्हय?"

"हो."

"आमाला वाटलं फटफटी. कडेनं चाललीय तर जाईल आपली बाजूनं, म्हणून आमच्या मालकानं घातली गाडी मधे. उजवा डोळा फुटलाय की तुमचा!"

मी खाली उतरून पाहिलं. खरंच, डावा दिवा तेवढा जळत होता. मी उगाच त्या बंद दिव्यावर पुन्हा पुन्हा थाप मारत राहिले. ते तिनं पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. तिनं खांद्यावरच्या पिशवीतून ओल्या हरभऱ्याचे दोन डहाळे काढून माझ्या हातात दिले. "खा. जिवाला बरं वाटतंय," म्हणाली आणि गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून घाटे सोलून खाल्ले. खरंच बरं वाटलं. मग एका दिव्यावर, सायकलच्या वेगानं घरी आले.

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. पण गाडीतलं सगळं कळतं, असा त्याचा समज आहे. घडलेलं ऐकून तो आधी घाबरला, मग उत्साहात आला. रात्रभर फोनवर बल्बांचे व्हिडिओ पाहिले आणि सकाळी चहाच्या आधी निकाल सांगितला.

"सहा हजार के. एलईडी. एकदम पांढरा."

"के म्हणजे काय?"

"ताकद. जुन्या बल्बाला तीन हजार असते. हा डबल."

मी गणिताची बाई. डबल म्हटल्यावर मला पटलं. त्याच आठवड्यात गाड्यांना सीटकव्हर बसवणाऱ्या एका दुकानात ते बल्ब बसवून आणले. संध्याकाळी घरासमोर दिवे लावले तर समोरची भिंत दवाखान्यासारखी पांढरीशुभ्र झाली. त्या घरातल्या आजींनी उठून खिडकी लावून घेतली. नवरा म्हणाला, "बघ, याला म्हणतात उजेड."

मीही खूश होते. फक्त एक गोष्ट कळत नव्हती. समोरून येणारी प्रत्येक गाडी मला दिवे उघडझाप करून दाखवत होती. पहिल्या दिवशी मला वाटलं, पुढं पोलीस उभे असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, या रस्त्यावर मी आता ओळखीची झाले असेन. तिसऱ्या दिवशी नायगावजवळ एका टेम्पोवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढून जे ऐकवलं, त्यावरून तो ओळख दाखवत नव्हता हे नक्की झालं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लातूरला राहतात. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. आमचं मूळ गाव शिरूर अनंतपाळकडचं. पण अण्णांनी नोकरीत असतानाच लातूरला छोटं घर बांधलं आणि निवृत्तीनंतर तिथंच राहिले. त्या हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आईला ते वाटीत वरण आहे की ताक, असं विचारायला लागले होते. नांदेडच्या डॉक्टरांनी एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली. मी रविवारी त्यांना आणायला लातूरला गेले. आईला चल म्हटलं तर म्हणाली, "उद्या नळाला पाणी यायचा वार हाय. अन् मला दवाखान्याच्या वासानंच घेरी येती. तूच ने त्यास्नी."

सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. दहाच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं. चाकूरपर्यंत ठीक होतं. चाकूर मागं पडलं आणि धुकं लागलं. असं धुकं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या नव्या बल्बांचा सगळा उजेड त्या धुक्यावर आपटून परत माझ्याच तोंडावर येत होता. बॉनेटच्या पुढं फक्त पांढरं.

अण्णा शेजारच्या सीटवर ताठ बसले होते. मी गाडी चालवताना ते कायम तसेच बसतात, हाताची घडी घालून, उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर ठेवून.

"अप्पर काढ. डिपरवर घे," ते म्हणाले.

"डिपरवरच आहे, अण्णा."

"मंग समोर काय हाय हे?"

"धुकं."

"धुकं असं नसतं. चादर वाळत घातल्यावाणी दिसून राहिलंय. मला वाटलं माझ्याच डोळ्याचं हाय."

"नाही हो. मलाही तसंच दिसतंय."

यावर ते चक्क हसले. गेलं वर्षभर घरातल्या सगळ्यांना दिसणारं त्यांना दिसत नव्हतं. आज मुलगीही त्यांच्याच रांगेत येऊन बसली होती.

"मंजी आज आपण दोघं बराबर," म्हणाले. "आता मी सांगतो तसं कर. काच खाली घे. दुसऱ्या गेरात चाल. पुढं बघूच नको, लांबचं काही दिसत न्हाई. डाव्या अंगाला रस्त्याची पांढरी पट्टी असती, तेवढी धर. हार्न उगं वाजवू नको. कान उघडे ठेव."

मी काच खाली घेतली. गार हवा आत आली आणि तिच्याबरोबर आवाजही. कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा, लांबून येणारा ट्रक. ट्रकचा आवाज माझ्या आधी अण्णांना ऐकू यायचा. "जड गाडी हाय, हळू हो," असं ते म्हणायचे आणि दहा-बारा श्वासांनी खरंच ट्रक शेजारून जायचा. ज्या माणसाला ताक आणि वरण ओळखू येत नव्हतं, तो मला धुक्यातून घेऊन चालला होता. अहमदपूरच्या अलीकडे चहाचं हॉटेल दिसलं तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती, थंडी असून.

चहा पिताना अण्णा म्हणाले, "आमच्या टायमाला धुक्याचे दिवस आले की आम्ही दिव्याच्या काचेवर पिवळा जिलेटिनचा कागद चिकटवायचो. साधा पिवळा बल्ब, वर पिवळा कागद. डोळ्याला त्रास न्हाई. तुझ्या गाडीला कुणी बसवलं हे?"

"जावयांनी."

जावयाचं नाव निघाल्यावर त्यांनी उरलेला चहा बशीत ओतून संपवला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "डोळा झाल्यावर मी सोता येतो दुकानात. पिवळा बल्ब मी निवडीन."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मी समोर उभी होते. अण्णा बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. ते म्हणाले, "माय, तू लई म्हातारी झालीस की गं."

नर्स हसून हसून बाहेर गेली.

डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंब दिले, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी महिन्याभरानं या म्हणून सांगितलं. अण्णांनी चष्मा इतका मनावर घेतला की तो झोपतानाही काढायचे नाहीत. पण दुसऱ्या डोळ्याला साफ नकार दिला.

"डावा राहू दे तसाच."

"का पण? दिसत नाही ना त्यानं?"

"दिसतं की थोडं. नवा उद्या पंक्चर झाला मंजी? स्टेपनी नको? एक डोळा स्टेपनी म्हणून राहू दे."

मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं, आईनं लातूरहून फोनवर समजावलं. तीस वर्षं स्टेपनीशिवाय डेपोच्या बाहेर न पडलेल्या माणसाला कोण समजावणार? शेवटी मी विषय सोडला. त्यांना थेंबांसाठी आमच्याकडंच ठेवून घेतलं होतं. तीन आठवडे झाले तेव्हा एका दुपारी त्यांनीच आठवण केली.

"चल, बल्ब बघायला."

जुन्या नांदेडात गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान आहे. आमच्या शाळेच्या बसचं काम तिथंच होतं, म्हणून मला माहीत. दुकानदार चाचा सत्तरीचे, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर. त्यांच्या आजोबांनी टांग्याचे कंदील दुरुस्त करायला बसायची जागा म्हणून ती गाळ्याएवढी जागा घेतली होती, असं ते सांगतात. मी त्यांना आमची अडचण सांगितली. त्यांनी गाडीचे दिवे लावून पाहिले आणि लगेच हात वर केला.

"बस, बस. बंद करा मॅडम. माझा आत्ताच चहा झालाय, झोप उडवायची गरज न्हाई."

"खराब आहेत का?"

"खराब न्हाई. पण तुमच्या दिव्याच्या आत जो आरसा हाय ना, तो तारेच्या बल्बासाठी बनवलेला. तार जिथं असती तिथून उजेड निघाला तर आरसा त्याला खाली रस्त्यावर टाकतो. ह्या एलईडीचा उजेड निघतो दुसऱ्याच जागेवरनं. मंग तो वर उडतो, समोरच्याच्या डोळ्यात. तुम्हाला वाटतं लई उजेड पडला. पडला, पण रस्त्यावर न्हाई पडला."

टेम्पोवाल्याचं बोलणं मला आता वेगळ्या अर्थानं आठवलं.

"पण हे सहा हजारचे आहेत," मी म्हणाले. "तीन हजारपेक्षा ताकद डबल ना?"

चाचांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मी नववीच्या वर्गात पाढे चुकणाऱ्याकडं पाहते.

"के मंजी रंग, मॅडम. ताकद न्हाई. आकडा लहान तर पिवळा, मोठा तर पांढरा, अजून मोठा तर निळा. उजेड किती, त्याचा हिशेब वेगळा. या, दाखवतो."

दुकानाच्या मागं त्यांची एक बिनखिडकीची खोली आहे. समोरच्या भिंतीला चुना, अलीकडं टेबल, टेबलावर गाडीची बॅटरी आणि तीन होल्डर. चाचांनी फडक्यात धरून तीन हॅलोजन बल्ब काढले. काचेला बोट लागू देत नव्हते. बोटाचं तेल लागलं तर तापल्यावर काच तिथंच तडकते, म्हणाले.

"तिन्ही एकाच वॉटचे. डावीकडचा साधा, कंपनीतून गाडीला येतो तसा. मधला जरा पांढरा. उजवीकडचा निळसर पांढरा, पोरांना आवडतो. ह्या निळ्याच्या आतली तार साधीच हाय. वरनं काचेला निळा रंग दिलाय. उजेड चाळणीतून गाळल्यावाणी बाहेर येतो. मंजी दिसतो भारी, अन् असतो कमी."

"मग शंभर वॉटचा घेतला तर?" हा प्रश्न नवऱ्यानं मला पाठ करून पाठवला होता.

"नक्को. वायर तुमची बारीक. होल्डर वितळंल, मंग माझ्याकडंच याल. मला बरं, पण नक्को."

अण्णा इतका वेळ मागं उभे होते. आता पुढं आले. "मी निवडतो. तीस वर्षं पिवळ्या बल्बावर गाडी चालवलीय."

"बसा की, ड्रायव्हरसाब," चाचांनी स्टूल दिलं.

अण्णांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. पण एवढ्या झगझगीत उजेडानं नव्या डोळ्याला काही होईल, अशी त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी रुमालाची घडी केली आणि उजव्या डोळ्यावर धरली. मग डाव्यानं, म्हणजे मोतीबिंदूवाल्या स्टेपनीनं, भिंत निरखायला लागले. चाचांनी एकेक बल्ब लावला. पहिला. दुसरा. तिसरा. तिसऱ्याला भिंतीवर चांदण्यासारखा निळा उजेड पडला.

"हा," अण्णा म्हणाले. "हाच. हाच आमचा पिवळा."

मी आणि चाचांनी एकमेकांकडं पाहिलं.

"अण्णा, हा निळा आहे."

"निळा? येडी का काय तू? सायीवाणी पिवळट हाय. अन् तो पयला तर लालच हाय, विटकरी. तसला गाडीला लावतात व्हय?"

"ड्रायव्हरसाब," चाचा हळूच म्हणाले, "हा निळाच हाय."

"मला शिकवता व्हय? मी एसटीचा ड्रायव्हर हाय!"

खोलीत जरा ताण आला. मला कळेना, त्यांची समजूत कशी काढावी. चाचा मात्र अण्णांच्या रुमालाकडं पाहत होते. त्यांच्या दाढीत हसू येत होतं, ते मला दिसलं.

"ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं?" त्यांनी विचारलं.

"उजव्या."

"रुमाल तेवढा काढा. दुसऱ्या डोळ्यावर धरा. काही होत न्हाई, माझीबी झालीत दोन्ही. बल्बकडं बघू नका, भिंतीकडं बघा."

अण्णांनी कुरकुरत रुमाल उजव्यावरून डाव्यावर नेला. भिंतीकडं पाहिलं. आणि स्टुलावरून उठलेच.

"बदललास! तू बल्ब बदललास!"

"आईशप्पथ न्हाई. हात बघा माझे."

"मंग हे निळं कुठनं आलं?"

"होतंच की पयल्यापासून."

अण्णांनी रुमाल पुन्हा उजव्यावर नेला. मग डाव्यावर. उजव्यावर. डाव्यावर. "पिवळा," ते पुटपुटले. "निळा. पिवळा. निळा." मग तोच खेळ साध्या बल्बावर केला. मग मधल्यावर. मग माझ्या ओढणीवर. मग चाचांच्या दाढीवर. "एका डोळ्यानं पांढरी हाय, दुसऱ्यानं हळद लावल्यावाणी," म्हणाले. पाच मिनिटं तरी हे चाललं असेल. एखाद्याला पहिल्यांदा आरसा मिळावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

शेवटी चाचांनीच बोलायला सुरुवात केली. "मोतीबिंदू हळूहळू पिवळा होतो, साब. रोज थोडा थोडा. आपल्याला वाटतं दुनियेचा रंग असाच हाय. माझा पयला डोळा झाला तवा मला कळलं. त्याच्या आधी दोन वर्षं मी लोकांना निळे बल्ब पांढरे म्हणून देत होतो. कुणी बोललं तर त्यालाच म्हणायचो, जा, डोळे तपासून ये."

"अन् मंग?"

"मंग काय. निम्मं नांदेड निळं करून ठेवलं होतं मी. एकेकाला बोलावून बदलून दिले."

अण्णा हसायला लागले ते थांबेचनात. चाचाही हसत होते. मी स्टुलावर बसून घेतलं. त्या बिनखिडकीच्या खोलीत, तीन बल्बांसमोर, दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. मग आत कुठूनतरी चहा आला.

शेवटी बल्ब निवडला मी. साधाच, कंपनीचा असतो तसा, कोमट पिवळसर पांढरा. चाचांनी दोन्ही बाजूंचे बदलले. "एक जुना एक नवा ठेवला तर दोन रंग दिसतात," म्हणाले. अण्णांनी हे ऐकलं आणि रुमालाची घडी खिशात घातली. धुक्यासाठी खास काही आहे का, असं मी विचारलं, तर चाचा म्हणाले, "धुक्यात कुठलाच बल्ब जादू करत न्हाई. दिवा खाली ठेवा अन् गाडी हळू. बस."

दिवस कलला तसं त्यांनी गाडी गल्लीतल्या एका गोदामाच्या भिंतीसमोर उभी करायला लावली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन दिव्यांची उंची जुळवायला बसले. अण्णा भिंतीपाशी उभे राहिले, नव्या डोळ्यानं पाहत, आणि हुकूम सोडायला लागले. "डावा खाली. अजून. आता थांब. उजवा जरा आत घ्या." डेपोत असताना त्यांचा आवाज कसा असेल ते मला त्या दिवशी कळलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एका रिक्षावाल्यानं तर आपलीही रिक्षा रांगेत आणून लावली आणि म्हणाला, "साहेब, माझाबी बघा की."

मग आम्ही विष्णुपुरीच्या बाजूला एक फेरी मारली. रस्ता दिसत होता. फार लांबचा नाही, पण जेवढा हवा तेवढा, नेमका, कडेच्या गवतासकट. आणि समोरून येणाऱ्या एकाही गाडीनं मला उघडझाप केली नाही. मी गाणं म्हणायला लागले, तर अण्णा म्हणाले, "गाडी चालवताना गाणं न्हाई." थोड्या वेळानं, खिडकीबाहेर पाहत, रुमाल एकदा या डोळ्यावर आणि एकदा त्या डोळ्यावर धरून झाल्यावर, म्हणाले, "डाक्तरला फोन लाव उद्या. दुसऱ्याचीबी तारीख घेऊन टाक."

"आणि स्टेपनी?"

"खोटी स्टेपनी असण्यापरीस नसलेली बरी."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेही व्यवस्थित. नवऱ्याला मी बल्बांची सगळी हकिकत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि के म्हणजे रंग हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, असं सांगितलं. एलईडीचे ते बल्ब त्यानं पेटीत घालून माळ्यावर ठेवलेत.

काळा चष्मा सुटल्यावर अण्णांना लातूरला सोडायला निघालो. या खेपेला उन्हाचं, आरामात. वाटेत ते लहान मुलासारखे बाहेर बघत होते. करडईची शेतं, तुरीचे ढीग, बायकांची लुगडी, सगळ्यांचे रंग मोठ्यानं सांगत होते. लोह्याजवळ एका शाळेची नवी रंगवलेली भिंत पाहून म्हणाले, "काय निळा हाय गं." मी हो म्हणत गाडी चालवत होते.

घराशी पोचलो. आई फाटकात उभी होती. अण्णा उतरले, पिशवी हातात घेतली, दोन पावलं टाकली आणि जागीच थांबले.

"हे घर जांभळं कुणी केलं?"

मी आईकडं पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला.

दोन वर्षांपूर्वी घराला रंग द्यायचं निघालं तेव्हा अण्णांनी स्वतः दुकानात जाऊन कार्ड पाहून रंग निवडला होता. पांढराच हवा, उगाच भडक नको, असं सगळ्यांना बजावून. रंगाऱ्यानं पहिला हात मारला तेव्हा घर फिकट जांभळं दिसायला लागलं. आई म्हणाली, जांभळं आहे. रंगारी म्हणाला, जांभळं आहे. मीही फोटो पाहून म्हणाले होते, अण्णा, जांभळं आहे. ते म्हणाले होते, "तुम्हाला पांढरा रंग कळत न्हाई." आम्ही सगळ्यांनी तो त्यांचा हट्ट म्हणून सोडून दिला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं आपसात बोललोही. तो हट्ट नव्हता. त्यांना ते खरंच पांढरं दिसत होतं आणि घरातली सगळी माणसं आपल्याशी का भांडताहेत, हे त्यांना कळत नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला त्यांना असं फाटकात उभं राहावं लागलं. मला जरा कसंनुसं झालं.

अण्णांना मात्र काही झालं नव्हतं. ते आईकडं वळले.

"तू बोलली का न्हाईस?"

"दोन वर्षं बोलून राहिले! तुम्ही मलाच आंधळी म्हणून राहिलात!"

"रंगारीबी बोलला न्हाई?"

"बोलला की. त्याला तुम्ही हाकलून देत होता."

अण्णांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेले, लांबून बघायला. समोरचे शेजारी बाहेर आले. अण्णांनी त्यांना विचारलं, "हे जांभळंच हाय ना?" शेजाऱ्यांनी आधी आईकडं, मग माझ्याकडं पाहिलं. मग जपून मान हलवली. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि अख्खी गल्ली दोन वर्षं गप्प बसली होती.

"उन्हाळ्यात पांढरा देऊ या," मी म्हणाले. "मी रंगाऱ्याशी बोलते."

अण्णा बराच वेळ घर बघत राहिले. डोक्यावरची टोपी मागं सारून.

"राहू दे," ते म्हणाले. "मी तर आजच बघून राहिलोय. थोडे दिवस बघू तर दे."

आणि मग आईला मोठ्यानं म्हणाले, "चहा टाक. दूध किती घातलंय ते आता मला दिसतं बरं का."